काळ्या रेक्झिनमधली शेळी

शुक्रवारी दुपारी बाइंडरकडून खोकं आलं. दानेश्वरीनं ते उघडून बघितलं आणि तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती दुसऱ्या दिवशीही उतरली नाही. उतरायची तरी कशी? पुण्याच्या एका संस्थेच्या मागं लागून, हातापाया पडून मिळवलेली चित्रांची पुस्तकं. ती रेल्वेत मांडीवर घेऊन आणलेली. पानं जाड, गुळगुळीत, रंग असे की तीन वर्षांच्या पोरानं जीभ लावून बघावी. आणि खोक्यातून निघालं काय, तर काळ्या रेक्झिनच्या विटा. पाठीवर सोनेरी अक्षरं. कोर्टातले निकाल बांधून ठेवतात ना, तसल्या.

"अय्यो शिवने," ती एकटीच म्हणाली आणि पहिली वीट उघडली. उघडली म्हणजे काय, दोन्ही हातांनी फाकवून धरली. हात जरा सैल केला की फाट्कन मिटायची.

हे शेळीचं पुस्तक. त्यात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. एक शेळी घरातून निघते आणि गावभर दिसेल ते खात जाते. मधोमध ती शेळी दोन पानं भरून उभी होती, डाव्या पानावर डोकं, उजव्यावर शेपूट, आणि मधे हे एवढं टम्म फुगलेलं पोट. आता पोट नव्हतं. ते शिवणीत गेलं होतं. कडा सरळ करायच्या म्हणून बाइंडरनं चारी बाजूंनी पानं कापली होती, त्यात शिंगांची टोकंही गेली. जे उरलं त्यावर वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का. तो मारणाऱ्यानं बरोब्बर शेळीच्या डोळ्यावर मारलेला.

दुसरं पुस्तक दारांचं. दर पानावर कागदाची लहान लहान दारं. उचललं की आत कुणीतरी लपलेलं, कुठं मांजर, कुठं आजोबा. दानेश्वरीनं एका दाराला नख लावलं. दार हलेना. दुसरं, तिसरं, सगळी दारं खळीनं चिकटवून टाकलेली. घट्ट. तिसरं पुस्तक आगगाडीचं, घडीचं होतं. उलगडलं की खोलीभर लांब गाडी व्हायची. तिचे डबे सुटे कापून एकावर एक रचून शिवले होते.

रडावं की हसावं तिला कळेना. मग तिनं दोन्ही सोडून दिलं आणि जिन्याकडं निघाली.

आता एवढं डोकं फिरायला झालं काय, ते सांगायला हवं. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत विड्यांचा कारखाना आहे. बायका घरी विड्या वळतात आणि सकाळी इथं आणून देतात. तपासणारा एकेक जुडी बघणार, नापास ती बाजूला काढणार, मग उद्याचं पान-तंबाखू मिळणार. रांगेत सकाळ जाते. बरोबर पोरं असतात, ती कुठं ठेवायची? ती आपली तंबाखूच्या धुरळ्यात, पायरीवर, रिक्षांच्या चाकाशी. दानेश्वरी वाचनालयाची बालविभागाची बाई. बालविभाग म्हणजे मागची एक खोली आणि कुलूपबंद कपाट. तिनं एका शनिवारी त्या पोरांना वर बोलावलं आणि गोष्ट सांगितली. दुसऱ्या शनिवारी पोरं न बोलवता आली. तेव्हापासून शनिवारचा गोष्टीचा तास सुरू झाला.

पण सांगायचं काय आणि दाखवायचं काय? तिनं मोबाइलवर परदेशातल्या वाचनालयांचे व्हिडिओ बघितले. निळा गालिचा, गिटार वाजवणारी बाई, साबणाचे फुगे सोडणारं मशीन. हिच्याकडं एक सतरंजी आणि एक पंखा, जो बोलायचा जास्त आणि फिरायचा कमी. चार दिवस ती त्या व्हिडिओवाल्या बाईवरच चिडून बसली. मग म्हणाली, मरू दे तो गालिचा, आणि गावात बघायला लागली. टॉवेलच्या कारखान्यातून काठाच्या चिंध्या आणल्या, त्यांची हातात घालायची मेंढरं शिवली. तानाबाई म्हणून कुंभारी गावच्या एक आजी विड्या द्यायला येतात. विड्या वळायचं सूप उलटं करून त्यावर बोटांनी अशी काही आगगाडी वाजवतात की पोरं आपोआप एकामागं एक उभी राहतात. ते सूपही गोष्टीत आलं. मुलांच्या आयांकडून तेलुगू अंगाई, कन्नड बडबडगाणी, सगळं गोळा केलं.

तरी एक अडचण राहिलीच. पोरं निम्मी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही दखनी उर्दू, काही आपली मराठी. एकीला कळलं की दुसरा दंगा करतो. चित्राला मात्र भाषा लागत नाही. म्हणून ती चित्रांची, बिनअक्षरी पुस्तकं हवी होती, आणि त्यासाठी तिनं वर्षभर जिवाचं रान केलं.

आणि शनिवारी वाचनालयाची समिती तास बघायला येणार होती. मागची खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका म्हणून द्यावी, असा समितीतल्या युवराजांचा आग्रह होता. त्यांचंही खोटं नव्हतं. ती मुलं जिन्यात बसून अभ्यास करत होती. कार्यवाह म्हणाले, तास बघू, दम असला तर खोली बालविभागाकडं, नाहीतर सोमवारपासून टेबलं लागतील. दानेश्वरीनं त्या दिवसासाठी शेळी, दारं आणि आगगाडी राखून ठेवली होती. दोन दिवस आईला बघायला अक्कलकोटला काय गेली, तेवढ्यात हा प्रताप.

कार्यवाह म्हणजे सिद्धलिंग अण्णा. निवृत्त हेडमास्तर, दानेश्वरीला शाळेत शिकवलेले, ही नोकरीही त्यांनीच लावलेली. पेन्शन झाल्यापासून माणूस या वाचनालयावर जगतो. पावसात गळणाऱ्या कपाटावर स्वतःच्या घरचं प्लास्टिक आणून घालणारा माणूस. त्याच्याशी भांडायचं म्हणजे देव्हाऱ्यात चप्पल घालून जाण्यासारखं. दानेश्वरी चप्पल घालूनच वरच्या हॉलमधे त्यांच्या टेबलाशी गेली.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत?" तिनं वीट टेबलावर आपटली.

अण्णांचा चेहरा फुलला. आता बोला! "बघितलंस? चनबसप्पाला म्हटलं, सगळ्यात भारी रेक्झिन लाव, पोरांची पुस्तकं आहेत. आता पन्नास वर्षं बघायला नको."

"मला विचारलं का न्हाई?"

"विचारायचं काय त्यात? नवं पुस्तक आलं की बांधून घ्यायचं, ही आपली पहिल्यापासूनची रीत आहे. म्हटलं, तू येईपर्यंत तयार ठेवू. उद्या समितीपुढं कशी शोभतील!"

"शेळीचं पोट कुटं गेलं, अण्णा?"

"पोट?" अण्णांनी चष्मा सारखा केला, पुस्तक फाकवलं, नाक पानाला लावून बघितलं. "डोकं आहे, शेपूट आहे. पोरांना कळतंय की शेळी आहे ते."

"आणि हा डोळ्यावर शिक्का?"

"सगळे शिक्के मी मारलेत, कुणाला हात लावू दिला नाही. एक पान सोडलं नाही. उद्या कुणी पान फाडून नेलं, तर आपलं म्हणून ओळखायचं कसं?"

"तीन वर्षांचं पोर पान फाडून नेऊन काय करणार हाय? जुन्या बाजारात विकणार हाय?" दानेश्वरी एरवी वाचनालयात जपून बोलते. रागावली की जीभ गावाकडं पळते. "दारं चिकटवलीत की हो सगळी! ती उघडायलाच हुती ना!"

"सुटे तुकडे होते ते. लोंबत होते. दोन दिवसांत पोरांनी उपटले असते."

"मग उपटू दे की!"

अण्णांनी ते पुस्तक आपल्याकडं ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दानेश्वरी, या वाचनालयात पुस्तक उपटू दे असं आजवर कुणी म्हटलं नाही. मी जीव लावून केलंय हे. दोन दिवस बाइंडरकडं बसून होतो." हे खरं होतं, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट हेतूनं कुणी केलं असतं, तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. "आणि हे बघ," अण्णा पुढं म्हणाले, "उद्या पुस्तकं तूच हातात धर. पोरांनी लांबूनच बघायची. एकदा सवय लागली की लागली."

कसली सवय लागली? लांबून बघायची? ती सवय त्या पोरांना जन्मापासून आहे. मिठाईचं दुकान लांबून, इंग्रजी शाळेची बस लांबून. दानेश्वरीच्या तोंडाशी आलेलं तिनं गिळलं, विटा पिशवीत भरल्या आणि थेट चनबसप्पाचं दुकान गाठलं.

चनबसप्पा म्हातारा, अंगठ्याच्या नखात कायमची खळ. तो मुंडी खाली घालून कुठल्याशा पतसंस्थेची वही शिवत होता. दानेश्वरीनं पिशवी पुढं ठेवली.

"उसवून द्या. आत्ताच्या आत्ता."

"बेड अक्का, बेड," म्हातारा म्हणाला. नको, नको. "मी बांधतो. फोडत न्हाय. आजवर माजी शिलाई कुणी उसवली न्हाय, मीच उसवू?"

"अहो, पण आतलं बघितलंत का? शेळीचं पोट शिवलंत तुमी!"

"बघितलं की. अण्णास्नी बोललो बी, जाड पानं हायत, लई आत शिवाय लागतंय, चित्र जाईल. ते म्हनाले, जाऊ दे, पक्की पायजे." त्यानं दारांचं पुस्तक हातात घेतलं, एका दारावरून अंगठा फिरवला आणि जरा अभिमानानंच म्हणाला, "ही दारं चिकटवायला दिवस गेला बघा. एक बी फुगलं न्हाय."

दानेश्वरी बाकावर टेकली. अण्णांनाच पोट नको होतं, तर हा काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हाताऱ्याला तिचा चेहरा बघून दया आली असावी. शिवणकामाची सुई खाली ठेवून तो म्हणाला, "अक्का, खरं सांगतो. हे उसवलं तर पानं सुटी हुतील, फुडं कदी बांदता येनार न्हाईत. कडा कापल्यात, शिवायला जागाच उरली न्हाय. पुस्तक म्हनून ते संपलं. समजलं का?"

"समजलं."

"मंग इचार करून करा." त्यानं कागद कापायची सुरी फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकली. "सोमवारी आनून द्या. मी बघितलं न्हाय."

ती सुरी पिशवीत घेऊन दानेश्वरी घरी गेली, आणि सांगते, वापरायची म्हणून नाही गेली. वाचनालयात नोकरी लागल्यापासून तिनं पानाचा कान मुडपला नव्हता. पुस्तक फाडणं तिच्याही हाताला माहीत नव्हतं. तिनं ठरवलं, जसं आहे तसं दाखवू. आवाज लावू, सूप वाजवू, कसंतरी निभावून नेऊ.

शनिवारी सकाळी पोरं आली. पंखा बडबडत होता. मागच्या भिंतीला तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीवर अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून. एका बाजूला युवराज, दुसऱ्या बाजूला आणखी एक सदस्य, तो बसल्या बसल्या मोबाइलमधे शिरला. पोरं सतरंजीवर. सगळ्यात पुढं तानाबाईंची नात मायाक्का, चार वर्षांची, धनगराची पोर. घरची शेरडं-मेंढरं गेल्या दुष्काळात विकली, पण पोरीच्या बोलण्यातून अजून गेली नव्हती.

दानेश्वरीनं शेळीचं पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरलं. "बघा बघा, कोण आलं?"

पोरं बघत राहिली. काळं जाड पुठ्ठ्याचं काहीतरी, त्यात अर्धवट दोन चित्रं. फाट्कन मिटलं. पुन्हा फाकवलं. मागची पोरं उठून उभी राहिली, काही दिसेना म्हणून पुढच्यांच्या अंगावर रेलली. एक रडायला लागलं.

मायाक्का गुडघ्यावर पुढं आली. "बाई, हिचं पोट कुटं हाय?"

"आत हाय," दानेश्वरी म्हणाली आणि स्वतःचीच तिला लाज वाटली.

"आत कुटं?"

दानेश्वरीनं ते पुस्तक ठेवलं आणि दारांचं घेतलं. म्हणाली, "इथं कोण लपलंय सांगा बरं?" सांगणार कोण आणि कशाला? मागचा सदस्य घड्याळ बघून युवराजांच्या कानाशी लागला. पोरं एकमेकांना ढकलायला लागली. दोघं दाराकडं निघाली. मायाक्का तेवढी पुढं होती. तिला दार दिसलं होतं, आणि दार दिसलं की उघडायचं, हे काय कुणी शिकवायला लागतं? तिनं हात लांब केला, कागदाच्या दाराच्या कडेला नख घातलं. "उगड की!" ती दाराला म्हणाली. दार उघडेना. तिनं दुसऱ्या हातानं पान धरलं आणि जोर लावला. पान दुमडलं.

"ए पोरी!" अण्णा खुर्चीतून उठून ओरडले. हेडमास्तरचा आवाज तो, चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेला. "हात काढ! हात काढ आधी! फाडतेस काय?"

रडणारं पोर रडायचं थांबलं. मायाक्काचे दोन्ही हात पटकन पाठीमागं गेले. ती तशीच उभी राहिली, तोंड अर्धं उघडं, डोळे अण्णांवर.

बस्स. दानेश्वरीच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. काल दुपारपासून गिळत आली होती ते सगळं एकदम वर आलं. तिनं पोरांना मागं सरकवलं, पिशवीतून सुरी काढली, शेळीचं पुस्तक उलटं पाडलं आणि पाठीत सुरी घातली. रेक्झिन चरचरत फाटलं. सोनेरी अक्षरांचे दोन तुकडे झाले. मग तिनं दोरे धरले आणि टरटरा ओढून काढले.

"दानेश्वरी!" अण्णांच्या तोंडून हवाच बाहेर पडली. "अगं... अगं पुस्तक..."

तिनं वर बघितलंच नाही. पानं ओढून काढली, डावं आणि उजवं पान जमिनीवर शेजारी ठेवून भिडवलं, आणि शिवणीत दाबलेलं पोट बाहेर आलं. मधली बारीक चीर गेली ती गेली. पण शेळी झाली. टम्म.

"शेळी!" एक ओरडलं.

"मेका! मेका!" तेलुगूवाली दोघं.

"बकरी है रे!"

"आडू!" कन्नडवाली ओरडली.

सगळं एकदम फुटलं. पोरं जमिनीवर पालथी पडली, पोटाला बोटं लावून मोजायला लागली की हिनं काय काय खाल्लंय. एकानं शेळीच्या तोंडात खरोखरची चिंधी घातली. दानेश्वरीनं दारांचं पुस्तक घेतलं, त्याचीही पाठ फाडली, आणि सुरीच्या टोकानं एकेक दार तीन बाजूंनी कापून मोकळं केलं. सुरी कपाटावर ठेवली. पोरं दारं उचलत होती, बंद करत होती, पुन्हा उचलत होती. आगगाडीचे डबेही उसवले, ते भिंतीपासून दारापर्यंत लागले, आणि गाडी युवराजांच्या बुटापाशी आली तेव्हा एका पोरानं त्यांना पाय काढायला लावला. युवराजांनी काढला. चक्क हसले.

अण्णा पुढं आले. "वाचनालयाची बाई तू. भर समितीसमोर पुस्तकं फाडलीस?"

आता दानेश्वरी उठली. "व्हय, फाडली. तुमी ती पन्नास वर्षं टिकवणार हुता ना? ही पोरगी चार वर्षांची किती दिवस टिकणार हाय, अण्णा? पुढच्या वर्षी ती पाचाची हुईल, त्याच्या पुढं हातात पान-तंबाखू येईल. मग ती काळी पुस्तकं कपाटात ठेवून पूजा करायची का आपण? कुणासाठी आणली मी ती? कपाटासाठी?"

"बोलायची ही पद्धत नाही..."

"न्हाई, पद्धत न्हाई. सांगायच्या पद्धतीनं काल सांगितलं हुतं. शेळीचं पोट कुटं गेलं म्हणून विचारलं, तुमी म्हणालात शेपूट हाय की!"

ती आणखी बोलणार होती. अजून पुष्कळ होतं. पण तिची नजर सतरंजीवर गेली. सगळी पोरं पानांवर तुटून पडलेली. मायाक्का मात्र होती तिथंच उभी होती. हात पाठीमागं. तिच्या पायाशीच एक दार होतं, उघडं, आतलं मांजर दिसत होतं. ती ते वाकून बघत होती. पण हात पाठीमागं.

"मायाक्का, घे की," दानेश्वरी खाली बसली. "हे बघ, उघडलं. ओढ तू."

पोरीनं मान हलवली. नाही.

"काय नाही होत गं. फाटलं तर फाटलं."

मायाक्कानं आधी अण्णांकडं बघितलं. मग पुन्हा मान हलवली.

अण्णांनी ते बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात खालून बायकांचा गलका आला. कारखान्यातली तपासणी संपली होती. आया एकेक करून दारात आल्या, पोरं घेऊन जायला लागल्या. पोरं हलेनात, त्यांना ओढून न्यावं लागलं. मग डोक्यावर पान-तंबाखूचं गाठोडं घेऊन तानाबाई आल्या.

"झाली का गं गोष्ट?" म्हणत त्यांनी नातीकडं बघितलं आणि कपाळाला आठी पडली. "हात का गं मागं? काय उचललंस?"

मायाक्का एक पाऊल मागं सरकली.

"दाव. दाव म्हनते ना!" गाठोडं खाली टाकून तानाबाईंनी तिचे हात धरले, ओढून पुढं आणले, घट्ट मिटलेल्या मुठी एकेक बोट करून उघडल्या. दोन्ही मुठी रिकाम्या.

दानेश्वरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला. "काय चोरलंय तिनं, सांगा की अण्णा," ती म्हणाली. "सांगा तानाबाईंना."

अण्णा तानाबाईंसमोर आले. "काही घेतलं नाही तिनं, बाई. मी... मी ओरडलो तिच्यावर. पुस्तकाला हात लावला म्हणून."

तानाबाईंनी झटकन पदर डोक्यावर घेतला. आणि काय बोलल्या असतील? भांडल्या असतील, जाब विचारला असेल? छे! त्या वाकल्या. "माफ करा सायेब. लई वांड हाय ती. मेंढरांत वाढली, तिला काय कळतंय पुस्तकाचं? चुकलं आमचं." नातीच्या पाठीत एक धपाटा घातला. "परत न्हाय आनत हिला."

"अहो, नाही नाही, आणा की..." अण्णा म्हणेपर्यंत त्या गाठोडं उचलून, पोरीचं मनगट धरून जिना उतरायला लागल्या.

युवराज खाकरले. "मग काय ठरवायचं, अण्णा? खोलीचं?"

अण्णा दारांच्या पानाकडं बघत होते, ते मांजराचं. दानेश्वरीनं ते उचललं आणि त्यांच्या हातात कोंबलं. "खोलीचं काय करायचं ते करा. टेबलं लावा, कुलूप लावा, मला काढून टाका. आधी खाली जाऊन त्या पोरीला हे द्या. आत्ता जावा. कुंभारीची रिक्षा भरायच्या आत."

अण्णा गेले. पायात चप्पल न घालता गेले, बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला. नोंद केल्याशिवाय या माणसानं आजवर कागदाचा कपटा वाचनालयाबाहेर जाऊ दिला नव्हता.

दानेश्वरी खिडकीशी उभी राहिली. खाली रिक्षापाशी अण्णा पोचले. ते काहीतरी बोलत होते, पान पुढं करत होते. मग चक्क रस्त्यात उकिडवे बसले, पोरीच्या उंचीएवढे झाले, दार उघडून दाखवलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मायाक्का बघत होती. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तानाबाईंनी पदर पसरला, पान देवाच्या प्रसादासारखं पदरात घेतलं, अण्णांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि पोरीला आत ढकललं. रिक्षा गेली.

बऱ्याच वेळानं अण्णा वर आले. तळपाय भाजले होते, भिंतीला धरून उभे राहिले. युवराजांना म्हणाले, "अभ्यासिकेला वरचा हॉल घ्या. माझं टेबल तिथून हलवा. ही खोली पोरांची. ठरावात तसं लिहा."

युवराजांनी मान डोलावली. दुसऱ्या सदस्यानं मोबाइल खिशात घातला. दोघं निघून गेले. अण्णा दानेश्वरीकडं बघत राहिले, आता तरी ही काही बोलेल म्हणून.

"तिनं घेतलं का पान?" दानेश्वरीनं विचारलं.

"आजीनं घेतलं."

"आजीचं न्हाई विचारलं मी. तिनं हात पुढं केला का?"

अण्णांनी मान खाली घातली.

"मग पुढच्या शनिवारी तिला आणायला तुमीच जावा," दानेश्वरी म्हणाली आणि सतरंजीवर बसून पानं गोळा करायला लागली.